गोधडीच्या पोटातलं लुगडं

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार
गेली! पुणतांब्याची इरकली गोधडी इंटरनेटवरच्या लिलावात गेली. सायबर कॅफेत ते पान उघडायला दहा मिनिटं लागली, पण बोली बघून मी खुर्चीतच उडाले. उन्हाळ्यात सुधीर अमेरिकेला परत जाताना सहा गोधड्या दिल्या, तर बंधुराज म्हणाले होते, "ताई, चिंध्या कोण घेणार?" आता बोल म्हणावं.
घेणारी कॅरल नावाची बाई. जुन्या गोधड्या उसवून, आत नवं घालून, भिंतीवर टांगते. बोलीआधी तिनं विचारलं होतं, आत काय आहे? मी कळवलं : जुनं पांढरं सुती, विशेष काही नाही, काढून टाकलं तरी चालेल.
आता सिंधकडची एक गोधडी त्याच लिलावात बघून ठेवलीय. सोडायची नाही.

१८ नोव्हें.
मधल्या सुट्टीत शाळेत अंजनाबाई आल्या. पुणतांब्याच्या संगीताची सासू. संगीताला मी फेब्रुवारीत नवं ब्लँकेट दिलं आणि तिनं हसत ती इरकली गोधडी दिली. सासू तेव्हा लेकीकडे होती, दिवाळीला परत आली. मला वाटलं, आता भांडण. पण त्या पायरीवर बसल्या, पाणी मागितलं.
"सूनबाईचा दोष न्हाई, तिला ठावं न्हवतं. थंडी पडली, वाकळ काढाया गेले तर बिलँकेट. बाई, माजी वाकळ तुमच्याकडं हाय म्हनं."
"आहे... म्हणजे..."
"तिच्या पोटात माजं पांढरं लुगडं हाय. छप्पन साली नागपूरला दीक्षेला नेसून गेल्ते, त्ये."
विरलं तेव्हा नेसवेना, टाकवेना. म्हणून मधल्या थरात घातलं आणि पांघरत राहिल्या.
मी म्हटलं, "बघते हं." म्हणजे खोटंच बोलले. त्या "बघा" म्हणून एस.टी.ला गेल्या. पुढच्या तासाला वर्गात काय शिकवलं, देव जाणे.

१९ नोव्हें.
कॅरलला मेल. वीस वर्षं इंग्रजी शिकवते, पण तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी एवढंच : उसवू नका, आतलं फेकू नका, चूक माझी.
सुधीरला बूथवरून फोन. "ताई, गोधडी तिच्या घरी पोचली. आता परत कशी मागणार? आणि काढून टाका असं तूच लिहिलंस ना?"
व्हय बाबा, मीच.

२२ नोव्हें.
उत्तर नाही. कॅफेत गेले तर लाईट गेलेली, तासभर तशीच बसले. सिंधकडच्या गोधडीची मुदत आज संपली. बोली लावली नाही. मनच लागत नाही.

२६ नोव्हें.
उत्तर आलं. उसवली! पांढरं काढून गॅरेजात, पुसायच्या फडक्यांच्या पिशवीत टाकलं होतं. मेल वाचून शोधलं म्हणते. अख्खं आहे, दोन ठिकाणी फाटलंय. लुगडं पाठवते, पण वरचा भाग तिनं घेतलाय, तो ती ठेवणार.
बाई वाईट नाही. पण अर्धीच गोधडी परत, हे अंजनाबाईंना कुठल्या तोंडानं सांगू?

२८ नोव्हें., रविवार
चर्च झाल्यावर पुणतांबा. संगीता दारातच रडायला लागली. अंजनाबाईंना सगळं सांगितलं, 'काढून टाका' हे माझं वाक्यसुद्धा. मग मी वरच्या भागाचं सुरू केलं : तो आता यायचा नाही, काय सुंदर इरकल, काय काठ...
"ते ऱ्हाऊ द्या तिला," त्या म्हणाल्या. "ते वरलं समदं पाटलाच्या बायकांनी नेसून टाकल्यालं. शेनघान काढायच्या बदली मिळायचं. पांढरं तेवढं आमी दुकानातनं नवं घेतल्यालं."
ज्या इरकलीवर मी जीव टाकला, लिलावाच्या पानावर जिचं चार ओळी कौतुक लिहिलं, ती ही. फार लाज वाटली.

६ डिसेंबर
पार्सल नाही. पोस्टात रोज विचारते, पोस्टमास्तर आता मला बघूनच मान हलवतात.
अंजनाबाई आज इथं श्रीरामपूरला अभिवादनाच्या कार्यक्रमाला आल्या होत्या, परतताना घरी आल्या. पांढरी साडी, नवी. पार्सलचं विचारलं. म्हटलं, नाही अजून. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग माझ्या गोधड्यांच्या कपाटापाशी गेल्या. एक ओढून मांडीवर घेतली, मधला भाग दोन बोटांत धरून चाचपला.
"ही कुनाची?"
मी नोंदवही काढून वाचलं, "नेवासा. निळी, खणाचे तुकडे, बारीक टाका."
"गाव न्हाई इचारत, बाई. कुनाची?"
वहीत नाव नव्हतं. तसं सांगितलं.
त्यांनी ती नीट घडी करून बाजूला ठेवली, खालची ओढली.
"आन् ही?"