धोंडीला वितळवू नये

मी, साहेबराव तुकाराम मगरे, वय ७१, निवृत्त टर्नर, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. २०१९ साली केलेले माझे पहिले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. सिनेमाच्या दुसऱ्या भागांवर मी आयुष्यभर चिडलो आणि आता स्वतःच दुसरा भाग लिहितो आहे. हसायचे त्यांनी हसावे.

१. घर आणि बँकेतली ठेव पत्नी सुरेखा हिची. माझा संताप तिने शेहेचाळीस वर्षे सोसला, त्या मानाने हे कमीच आहे.

२. लेथ, मापाचा व्हर्नियर आणि पान्यांची पेटी मुलगा इंद्रजीत याला. व्हर्नियर कुणालाही उसना देऊ नये. शेजारच्या गोकुळला तर नाहीच.

३. धोंडीबद्दल. १९९४ साली माझा मित्र विश्वजित बीडकर याने चिकलठाण्यातल्या एका बंद शेडमध्ये ‘तिसऱ्या चंद्राची माणसं’ हा सिनेमा काढला. त्यातला यंत्रमानव धोंडी मी भंगारातल्या गिअरांपासून घडवला. माणसांचे यान सुटावे म्हणून शेवटी धोंडी बाहेर राहतो आणि दार लावून घेतो. खुलताबादच्या उरुसातल्या सिनेमाच्या तंबूतून बायका पदर डोळ्याला लावून बाहेर पडल्या, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्या भागात विश्वजितने धोंडीला परत आणून नाचवले. नाचायचे पाय मीच करून दिले, तो दोष माझा. २०११ साली तिसऱ्यात त्याचे लग्न लावले. मी भर थिएटरात ओरडलो, “विश्वा, मेलेल्याला सुखानं मरू तरी दे की!” तेव्हापासून आमचे बोलणे बंद. चौथा भाग निघूच नये म्हणून पहिल्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की, माझ्यामागे धोंडी भट्टीत घालावा.

ते मृत्युपत्र गेल्या वर्षी नात विशाखाच्या हाती लागले. ती सिनेमाचे शिक्षण घेते. तिने चौथा भाग लिहिला आहे. धोंडीने वाचवलेली मुलगी म्हातारपणी त्याला शोधायला जाते. तो दाराशीच गंजून बसलेला सापडतो. उठत नाही, नाचत नाही. मी आधी ऐकायलाच तयार नव्हतो. तेव्हा ती म्हणाली, “आजोबा, लेथवरचे दोन जॉब बिघडले म्हणून तुम्ही कधी मशीनच वितळवलं का?”

“नाय.”

“मग?”

मी मुकाट्याने वाचले आणि रडलो. पोरीने फार चांगले लिहिले आहे.

४. म्हणून धोंडी विशाखाला द्यावा. गंज पुसू नये. सिनेमा फसला तरी तिने घाबरू नये, पुन्हा करावा. मात्र कथा विश्वजितच्या नावावर आहे. त्याच्या होकाराशिवाय हे सारे फुकट आहे.

५. पहिल्या सिनेमाच्या चित्रणातली, माझ्याकडे राहिलेली क्लॅपची पाटी मी विश्वजितला देणार होतो. तिच्यावर त्याचा फार जीव. विशाखा त्याला आज स्कूटीवर बसवून घेऊन आली. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला नसलेले बरे. विश्वजितने पाटीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, “पाटी पोरीलाच दे, साहेबराव. मला सही करू दे.” तेव्हा पाटीही विशाखाला.

सर्व वाचून, समजून सही केली.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ जानेवारी २०२६

(सही) साहेबराव तुकाराम मगरे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. तनुजा घुगे. यांना तपासले, शुद्धीवर आहेत.
२. (सही) विश्वजित माधवराव बीडकर. तिसऱ्या भागाबद्दल साहेबराव म्हणतो ते खरे आहे. चौथा विशाखाने करावा, माझी हरकत नाही.