शेवटच्या रांगेतल्या कुंदाताई

प्रिय कुंदाताई,

आज आपल्या मुलींनी हॉल वाचवला! ही बातमी सगळ्यात आधी कोणाला सांगायची, तर तुम्हाला. आणि तुम्ही तर निघून गेलात. म्हणून हे पत्र.

येरवड्यातला आपला मुलींचा गट तुमच्यामागे मीच चालवते, म्हणजे चालवल्यासारखं करते. तुमच्याच हाताखाली बोलायला शिकलेली मी. पण खरं सांगू? शनिवारी मंडळाच्या हॉलचं दार उघडलं की नजर आधी मागे जाते. दर आठवड्याला एका मुलीनं 'ताई' होऊन पुढे उभं राहायचं, गट चालवायचा, आणि तुम्ही शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसून ओरडायचं, "ऐकू येत नाही! घसा घरी ठेवून आलीस का?" त्या जागेवर अजून कोणी बसत नाही. नव्या मुलींनी तुम्हाला पाहिलंही नाही, तरी वळसा घालून जातात. मी कोणाला काही सांगितलेलं नाही, ताई. शप्पथ.

आणि तुमचा आवाज! भाकरी थापताना येतो, बसमध्ये येतो. मी दचकून मागे बघते. आमचे हे म्हणतात, "एकदा डॉक्टरला दाखवून घे."

रागही येतो हो तुमचा. "भिंतीला टेकायचं नाही" म्हणून आम्हाला दटावणाऱ्या तुम्ही, शेवटी शेवटी स्वतःच टेकून बसायला लागलात. विचारलं तर म्हणालात, "पाठ माझी, भिंत मंडळाची. तुला काय त्रास?" सदाशिव पेठेतलं तिरकस बोलणं ते! मी हसले. एवढं दुखणं असं हसण्यावारी नेतात का?

बरं, हॉलचं ऐका. पावसामुळे मंडळाच्या ढोल-ताशा पथकाला सरावासाठी आत जागा हवी होती. अध्यक्ष बाळूभाऊंनी निरोप धाडला, "मुलींचं गणपतीनंतर बघू." गणपतीनंतर म्हणजे कधीच नाही, हे का मला कळत नाही? एकदा घरी बसलेल्या मुलींना परत कोण पाठवतंय! गट मोडलाच असता. या आठवड्याची ताई होती नववीतली सोनल, म्हणजे बोलायचं तिनंच. मुलीच्या वतीनं आपण तोंड उघडायचं नाही, हा तुमचा नियम.

आज हॉलवर ती बाळूभाऊंसमोर उभी राहिली आणि तिची वाचाच बसली. पथकातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला राहवेना. मी बोलायला पुढे झाले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ऐकू येत नाही!"

ताई, वळून बघायचा धीर होईना. बघितलं, तर दारात मुनीरा, नव्या मुलींतली, सहावीतली टीचभर पोरगी. कंबरेवर हात ठेवून उभी! कोणी शिकवलं असेल हो तिला?

मग सोनलला कंठ फुटला. "भाऊ, तुम्ही आत सराव करा. आम्ही चौकात सतरंजी टाकतो. या शनिवारी पाळीवर बोलायचंय. माईक तेवढा मंडळाचा द्या."

"अगं ए, हळू बोल!" म्हणत बाळूभाऊ खुर्चीतून उठलेच. शनिवार आपलाच राहिला.

परतताना मुली नाचत पुढे गेल्या. सोनल माझ्यासाठी थांबली आणि म्हणाली, "मंगलताई, या शनिवारी तुम्ही नाही आलात तरी चालेल. आमचं आम्ही बघतो."

हेच ऐकायला तर राबलो ना आपण दोघी? मग मला रडू का फुटलं? हे इतकं लागतं, एवढं तरी सांगून जायचं होतंत!

आणि घरी येताना मनात आलं, आम्ही कोणी तुम्हाला कधी असं म्हटलंच नाही. म्हणून का तुमचा पाय तिथून निघत नाही?

शब्द देते, या शनिवारी मी जाणार नाही. कितीही जीव ओढला तरी नाही. तुम्हीही जाऊ नका, ताई. माझ्याकडे या. मी दोघींचा चहा टाकते.

तुमची,
मंगल