पुठ्ठा कापलेली सुरी

दादा,

आता दर रविवारी मी घरीच मांस कापायला शिकवते. लहान मुलं येतात, त्यांचे आईबापही. कोंबडीचा सांधा आधी बोटांनी चाचपायचा, मगच सुरी लावायची. तुला काय सांगायचं म्हणा!

आज एका चिमुरडीने धारेच्या भीतीने बोथट सुरी उचलली. मी म्हटलं, "ठेव ती. बोथट सुरीच घसरते. माझ्या भावाचा अंगठा तसाच गेला."

बाबांनी तुला वेंधळा ठरवून आपल्या मटणाच्या दुकानातून हाकललं. पण तुझा अंगठा गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याच सुरीने मी शाळेसाठी पुठ्ठा कापला होता. धार गेल्याचं कळलं, तरी गुपचूप पुसून जागेवर ठेवली.

चिमुरडीने विचारलं, "बोथट कुणी केली होती?"

मी म्हटलं, "आधी हात धू."

हेही पत्र सुऱ्यांच्या खणातच जाईल.

तुझी धाकटी