बाल्तझार पास झाला, त्याची हकीकत

कोइम्ब्रा, रविवार

ती. लिओपोल्दिना ताईस, धाकट्या ग्वाल्तेरचा वाकून नमस्कार.

ग्वार्दाच्या थंडीत तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला? मी आहे तसाच आहे, म्हणजे थकलेला. तू पाठवलेले चोरिसू सॉसेज पोचले (मला वास तेवढा मिळाला, बाकी टीमने संपवले).

तुझा बाल्तझार पास झाला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. सात वर्षं तू विचारत होतीस, कायद्याचा अभ्यास एवढा लांबतो कसा? ताई, विद्यापीठाच्या रग्बी क्लबचं दुखणं तुला ठाऊक नाही. स्क्रममध्ये समोरच्यांशी खांदे भिडवून रेटताना मान कुठे घालायची, हे पोराला शिकवावं, तोवर तो पदवी घेऊन चालता होतो. हुशार मुलं आम्हाला परवडत नाहीत. तुझा मुलगा शेवटच्या एका विषयात अडकला, म्हणून आमची पहिली फळी उभी राहिली. (मी क्लबचा व्यवस्थापक, म्हणजे चिखलाचे मोजे धुवायला नेणारा, बसवाल्याशी भांडणारा आणि कुणाचा दात पडला तर गवतात शोधणारा.)

गेल्या आठवड्यात आमचा प्रशिक्षक उर्बानु टोपी हातात धरून घरी आला. मला वाटलं, कुणीतरी गेलं. शुक्रवारी बाल्तझारची तोंडी परीक्षा होती, सामने मात्र मे महिन्यापर्यंत. पास झाला, की दाजी त्याला लगेच नोटरीच्या कचेरीत बसवणार, हे साऱ्या क्लबला माहीत. उर्बानु हळूच म्हणाला, “मी कुठे त्याला नापास कर म्हणतोय? सकाळी उठवू नकोस, एवढंच.”

खोटं कशाला सांगू, गुरुवारी रात्री गजराच्या घड्याळाला किल्ली देताना माझा हात जरा रेंगाळला. पण सकाळी गेलो तर तो जागाच. कोट घालून पलंगाच्या काठावर बसलेला, सुजलेला कान चोळत.

“मामा, मी झोपलोय असं समज ना.”

“आणि तुझ्या आईला काय सांगू?”

“सात वर्षं सांगतोयस तेच.”

मी खाली बसून त्याच्या बुटांचे बंद बांधले (वाकायची त्याची इच्छाच नव्हती) आणि चढ चढून त्याला परीक्षेला नेला.

परीक्षक क्वारेझ्मा बाईंनी विचारलं, ताबा आणि मालकी यांत फरक काय? मी मागच्या बाकावर बसून तो बोलावा म्हणून नवस करत होतो, आणि बोलू नये म्हणूनही. शेवटी म्हणाला, “बाई, बॉल माझ्या पोटाखाली आहे म्हणून तो माझा होत नाही. पण तो ओढून घ्यायचा, तर तुम्हालाही नियमानेच यावं लागेल.” बाईंनी चष्मा काढून पुसला. वीसपैकी दहा मार्क, म्हणजे काठावर पास. बाहेर पोरांनी त्याला खांद्यावर घेतला, पण ताई, मयताला खांदा देतात तसा.

आज लिस्बनवाल्यांशी त्याचा शेवटचा सामना झाला. हरलो. हरणार हे मध्यंतरालाच दिसत होतं, तरी शेवटच्या स्क्रममध्ये आपल्या पोरांनी त्यांना पार त्यांच्या गोलरेषेपर्यंत मागे रेटलं. उपयोग काही नव्हता. उर्बानु डोळे पुसत होता. वारा फार आहे म्हणाला. वारा नव्हता. बाल्तझार चिखलाचा शर्ट काढायलाच तयार नव्हता, तसाच जेवायला बसला.

उद्याच्या गाडीने तो तुझ्याकडे येतो. आठ दिवस काही विचारू नकोस, भरपूर जेवू घाल. माझं म्हणशील, तर मीही आता सोडतोय. एक पोर घडवायचं आणि निरोप द्यायचा, पुन्हा दुसरं. या वयात छातीला झेपत नाही.

दाजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आराम.

तुझा,
ग्वाल्तेर

ता. क. त्याचा उजवा कान आता असाच राहणार. नोटरी साहेबांना डाव्या बाजूने भेटव.

ता. क. २. तुझ्या धाकट्या अमांदिऊचं शाळेचं हे शेवटचं वर्ष ना? नाताळात त्याने वाईनचं पिंप तळघरातून एकट्याने वर आणलं, ते मी पाहिलंय. त्याच्या मानेचं माप कळव आणि त्याला इकडेच पाठव. कायद्याला नको, वैद्यकीला घाल. ते शिक्षण मुळातच लांबतं, तुला दरवर्षी विचारावं लागणार नाही.