कंसातली रिकामी जागा

पुणे,
रविवार, २३ फेब्रुवारी २००३

प्रिय ललिता,

"मागे पाहू नको, नंदे. हात मागे ठेव, मी येतेच."

हे तू म्हणाली होतीस, डिसेंबर एकोणऐंशीत, कोल्हापूरच्या मैदानावर. राज्य स्पर्धेची शेवटची रिले सुरू व्हायची होती. तू बुटाची नाडी बांधत होतीस आणि मान वर न करता बोललीस. तिसरा टप्पा तुझा होता, चौथा माझा. तेवीस वर्षांत मी बरंच काही विसरले, हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहिलं.

मी नंदा. शनिवार पेठेतली, वसतिगृहात तुझ्या खोलीत अभ्यासाला येऊन बसायची ती. अक्षर ओळखलंस तर पत्र इथेच फाडशील, म्हणून आधीच सांगितलं. फाडणार असलीस तर निदान शेवटचं पान वाचून फाड.

आमचं बरं चाललं आहे. आई दोन वर्षांपूर्वी गेली. आम्ही आता सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगा अभिनव तुमच्या हडपसरलाच एका संगणक कंपनीत लागला आहे. गळ्यातलं ओळखपत्र जेवतानाही काढत नाही, आमटीत बुडेल म्हणून खांद्यावर टाकतो. आणि मी गेली पंधरा वर्षं बुधवार पेठेत बाबुरावांच्या प्रकाशनात आहे. स्पर्धा परीक्षांचं सामान्यज्ञानाचं गाईड आम्ही दर जानेवारीत काढतो. यंदा छापखान्याने रखडवलं, म्हणून मार्चवर गेलं. त्यातला खेळाडू, नटनट्या, अंतराळवीर हा भाग माझ्याकडे असतो.

ते ऑफिस तू पाहिलंच आहेस. चार तारखेला तू ऑफिसात आलीस तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर लाल पेन हातात धरून बसलेली बाई मीच होते.

आधी माझं काम सांगते. लांबण लावते आहे असं वाटेल, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक माणसाचं एक कार्ड असतं. नाव, कंसात जन्मसाल, मग एक रेघ आणि रिकामी जागा. जिवंत माणसं वरच्या खणात. कोणी गेलं की रिकाम्या जागी साल लिहायचं, कंस बंद करायचा आणि कार्ड खालच्या खणात टाकायचं. खाशाबा जाधव खालच्या खणात आहेत, हेलसिंकीचं कांस्यपदक आणि चौऱ्याऐंशीचा अपघात एकाच ओळीत. स्मिता पाटील तिथेच, जन्म पुणे, वय फक्त एकतीस. गागारीन चौतिसाव्या वर्षीच. तेरेश्कोवा मात्र अजून वर आहेत. ब्रॅडमन दोन वर्षांपूर्वी खाली गेले. सरासरी नव्याण्णव पूर्णांक चौऱ्याण्णव, शेवटच्या डावात शून्य. बघ, बोलायचं एक आणि मी माहिती सांगत बसले. पंधरा वर्षांत ही सवयच लागली आहे.

बाबुरावांचा एक नियम आहे. "आपल्याकडे माणूस एका कात्रणावर मरत नाही. दोन पुरावे आणा." म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, आणि त्या घरी किंवा संघटनेत फोन करून घेतलेली खात्री. परदेशातल्या मोठ्या माणसांना दोन वर्तमानपत्रं चालतात. आपल्या लोकांना फोन.

तू आलीस त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मी कल्पना चावलाचं कार्ड खाली टाकलं होतं. शनिवारी ते यान फुटलं, उतरायला सोळा मिनिटं उरली असताना. रविवारच्या सगळ्या वर्तमानपत्रांत तिचा हसरा चेहरा होता. साल लिहून झाल्यावर मी तो फोटो कापून कार्डाला टाचला. मला वाटलं, आपण हळव्या आहोत. दुसऱ्या दिवशी कळलं, आपण काय आहोत ते.

तू कामावरूनच आली होतीस. सुरक्षारक्षकाचा निळा शर्ट, खांद्यावर कंपनीची पट्टी, केसांत पांढरं. गेल्या वर्षीचं गाईड तू बाबुरावांच्या टेबलावर उघडं ठेवलंस आणि बोट टेकवलंस.

"ह्यात मी मेलेली आहे. कोणी लिहिलं?"

बाबुरावांनी चष्मा लावून वाचलं. "ललिता तायडे, एकोणीसशे एकोणसाठ ते दोन हजार एक." मग तुझ्याकडे बघितलं. "बाई, छपाईची चूक दिसते. नव्या आवृत्तीत शुद्धिपत्र देऊ."

"शुद्धिपत्र माझ्या आईला नेऊन कोण देईल?"

बाबुरावांनी चष्मा काढून ठेवला. तूच सांगितलंस, उभ्या उभ्या, आवाज न चढवता. लग्नावरून घराशी बोलणं तुटलं त्याला बारा वर्षं झाली. तुझी पत्रं तुझे भाऊ मच्छिंद्रदादा न उघडता परत पाठवायचे. पण दादांच्या रेल्वेच्या परीक्षांसाठी आणि पुढे त्यांच्या मुलीसाठी, आम्रपालीसाठी, भुसावळच्या घरात दर वर्षी आमचं गाईड यायचं. तुझ्या आईला, मालनबाईंना, वाचता येत नव्हतं. नवीन पुस्तक आलं की त्या नातीला म्हणायच्या, "आमू, आत्याचं पान काढ." आमू ती एक ओळ वाचायची. मग त्या विचारायच्या, "पुढची जागा रिकामीच आहे ना?" रिकामी आहे म्हटलं की उठून चहा टाकायच्या. त्यांना तुझी एवढीच खबर होती, वर्षातून एकदा.

गेल्या मार्चमध्ये पुस्तक घरी पोचलं, तेव्हा जागा रिकामी नव्हती.

विहारातून भन्तेजी बोलावले. तुझं पुण्यानुमोदन केलं. दोन महिन्यांनी मालनबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या घेणं सोडलं, आणि जुलैत त्या गेल्या. तुला यातलं काहीच माहीत नव्हतं. डिसेंबरात तू आईसाठी शाल घेऊन, मनाचा धडा करून भुसावळला गेलीस. दार आम्रपालीने उघडलं आणि ती किंचाळली. भिंतीवर दोन फोटो होते, दोन्हींना हार.

"माझा मी काढला," तू म्हणालीस. "आईचा काढता येईना."

मग म्हणालीस, "माझं नाव काढून टाका. पुस्तकातूनच. मला तुमच्यात राहायचं नाही." आणि पाणी मागितलंस. माठ माझ्या टेबलाशेजारी होता, म्हणून पेला मी भरून दिला. तू माझ्याकडे पाहिलंस. ओळखलंस की नाही ते मला कळलं नाही. पाणी संपवून, पेला पालथा ठेवून तू जिना उतरलीस. जिन्यावर तुझ्या पावलांचा आवाज अजून तसाच येतो, झपझप, टाच न टेकता.

छपाईची चूक नव्हती, ललिता. ते साल मी लिहिलं.

कसं, ते सांगते. डिसेंबर दोन हजार एकची गोष्ट. आवृत्ती छापायला निघाली होती आणि त्याच आठवड्यात अशोककुमार गेले, म्हणून पानं थांबवली होती. त्या दुपारी एका सायंदैनिकात चार ओळी दिसल्या. सोलापूर रस्त्यावरच्या अपघातात माजी धावपटू ललिता अमुक, वय बेचाळीस, यांचा मृत्यू. आडनाव अनोळखी होतं. तुझं सासरचं आडनाव मला ठाऊक नव्हतं. वय जुळत होतं, रस्ता हडपसरचा होता. मी कात्रण कापलं. एक पुरावा झाला.

दुसऱ्या पुराव्यासाठी तुझा नंबर माझ्याकडे होता. सत्त्याण्णव साली तू कार्ड पाठवलं होतंस ना, हडपसरला घर घेतलं तेव्हा? त्यावर नुसतं 'ललिता', पत्ता, नंबर आणि एक ओळ: "घरचं कोणी बोलत नाही. तुला वेळ असेल तर ये." मी आले नाही. उत्तरही दिलं नाही. पण कार्ड जपून ठेवलं होतं, डायरीच्या मागच्या कप्प्यात.

मी डायरी काढली. फोन उचलला. निम्मे आकडे दाबले आणि थांबले. तुझ्या नवऱ्याने उचलला असता तर काय बोलायचं, हे मी ठरवलं होतं. पण मनात आलं, तूच उचललास तर? तूच "हॅलो" म्हणालीस तर मी काय बोलू? "मी नंदा, तू मेलीस का हे विचारायला फोन केला"? आणि मग तू विचारणार, इतकी वर्षं कुठे होतीस, कोल्हापूरला काय झालं होतं. मी फोन ठेवला.

बाबुरावांनी समोरून विचारलं, "केलात फोन?"

"केला."

"कोण बोललं?"

"घरचे."

ते "अरेरे" म्हणाले आणि मी तुझा कंस बंद केला. मला वाईट वाटलं, रडूही आलं, बाबुरावांनी चहा मागवला. पण ललिता, त्या रडण्याच्या तळाशी एक सुटल्याची भावना होती. तुझ्याशी बोलण्यापेक्षा तू गेलेली असणं मला सोपं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला भित्री समजत होते. हे भित्रेपणाच्या पुढचं आहे.

जी खरोखर गेली ती दुसरी ललिता कोण, तेही मी कधी शोधलं नाही. तिच्यासाठी कोणी रडलं का, माहीत नाही.

आता कोल्हापूर. तुला माहीत आहे काय झालं. माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस, एवढंच. तू वळणावरून आलीस तेव्हा आपण पहिल्या होतो. वळणावर तुझ्यासारखं धावणारं तेव्हा कोणी नव्हतं. मला फक्त हात मागे ठेवायचा होता. मी मागे पाहिलं. अर्धं पाऊल वळले, हात हलला आणि बॅटन माझ्या बोटांना लागून खाली पडलं. आपले प्रशिक्षक रावसाहेब सर धावत आले. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "काय झालं नंदा?" मी म्हटलं, "तिने आधीच सोडलं."

ते तुझ्याकडे वळलेच नाहीत. तुला विचारलंच नाही. मी शनिवार पेठेतली, घरी सर चहाला यायचे. तू भुसावळच्या रेल्वे चाळीतून शिष्यवृत्तीवर आलेली तायडे. तेव्हा मला वाटलं, सरांचा माझ्यावर विश्वास आहे. तो कशाचा विश्वास होता हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. राष्ट्रीय स्पर्धेच्या सराव शिबिराच्या यादीतून तुझं नाव गेलं, आणि वर्षभरात तू धावणंच सोडलंस. तू मला एकदाही विचारलं नाहीस. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभी राहिलीस आणि मागे वळली नाहीस.

सर चौऱ्याण्णवला गेले. त्यांच्यासमोर खरं बोलायचं राहिलं. लॉस एंजलिसला उषाचं पदक एक शतांश सेकंदाने हुकलं तेव्हा सगळा देश हळहळला. तुझं काय हुकलं ते मोजायला घड्याळच लावलं नव्हतं कोणी.

गाईडमध्ये तुझं नाव मीच घातलं होतं, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. 'महिला धावपटू, दोनशे मीटरमध्ये राज्य विजेती, १९७८.' बाबुराव म्हणाले, "ह्या कोण? परीक्षेत येणार नाहीत." मी म्हटलं, येतील. मला वाटायचं, दर वर्षी तुझी एक ओळ छापली की थोडी परतफेड होते. त्याच ओळीवर तुझी आई जगत होती, हे मला काय ठाऊक! ठाऊक असतं तर सगळे आकडे दाबले असते का? होय म्हणायला धीर होत नाही.

तू येऊन गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबुरावांना सगळं सांगितलं. त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "नंदाताई, राजीनामा देणार असलात तर मार्चनंतर द्या. मुद्रितं कोण तपासणार?" जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "त्या बाई सांगून गेल्यात तसं करा. नाव काढा."

तुझं कार्ड माझ्या टेबलावर आहे. वरच्या खणात ठेवायचं की फाडायचं, ते ठरलेलं नाही. पानं तीन मार्चला, सोमवारी, छापायला जातात.

मच्छिंद्रदादांनाही मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात छपाईचं नाव घेतलेलं नाही, माझं घेतलं आहे. ते वाचून दादा तुझ्याशी बोलतील असं मी म्हणत नाही. पण तुझ्या मरणाची खबर कुठून आली, हे आम्रपालीला कळायला हवं. तिला वाटत असेल, आपण वाचलं म्हणून आजी गेली. एवढं पोरीच्या अंगावर राहायला नको.

माफी मागत नाही. मालनबाईंना परत आणता येत नाही, आणि तुझी ती वर्षंही. माझं मागणं वेगळं आहे, आणि त्याला तू नाही म्हणणार हे मला लिहितानाच दिसतं आहे.

तुझं नाव राहू दे. जन्मसाल, रेघ आणि पुढे रिकामी जागा. यंदा भुसावळला पुस्तक गेलं आणि आमूने ते पान काढलं, तर तिला ती जागा रिकामी दिसू दे.

पण तू ऑफिसात आलीस हा एकच पुरावा झाला, आणि आता मी ती ओळ एका पुराव्यावर छापणार नाही. दोन तारखेला, रविवारी, सकाळी अकरा वाजता मी तुझ्या नंबरवर फोन करीन. सत्त्याण्णवचा नंबर आहे, पुढे एखादा आकडा वाढला असेल तर विचारून घेईन. सगळे आकडे दाबीन. तू उचलणार नाहीस. मग नाव काढून टाकीन, तुझ्या इच्छेप्रमाणे.

तरी फोन उचल, ललिता. नाही म्हणायला का होईना, तुझ्या तोंडून "हॅलो" ऐकू दे.

चौथ्या टप्प्यावरची,
नंदा