दिवसा सांगितलेली गोष्ट

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८

१. आज दुपारी सव्वाबाराला आमच्या धान संशोधन केंद्राच्या खळ्यावर मजूर बायनाबाईने मला वाघाच्या मागणीची गोष्ट सांगितली.
२. आधी तिने बजावलं होतं — दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो.
३. हट्ट माझा.
४. एक वाजता माझे मामू भद्रावतीहून मुलाच्या आईला घेऊन मला बघायला सिंदेवाहीला पोहोचणार होते. लग्नानंतर नोकरी सोडायची, ही त्या बाईंची अट. अब्बांना मान्य.
५. पाच वाजता ऑफिसात मामूंचा फोन. मूल गावच्या स्टँडवर चुकीच्या गाडीत बसले. गडचिरोलीत आहेत.

हसू दाबायला बियाण्याच्या खोलीत जावं लागलं. मला!

१० नोव्हेंबर

गोष्ट अशी — वाघ मुलीला मागणी घालतो. ती म्हणते, आधी हे पोतंभर धान दाणा दाणा मोज. वाघ मोजत बसतो, ती निघून जाते. पोतं पंचाहत्तर किलोचं, हजार दाण्यांचं वजन वीस ग्रॅम. म्हणजे साडेसदतीस लाख दाणे. सेकंदाला एक धरला तरी जवळजवळ साडेत्रेचाळीस दिवस. न झोपता, न जेवता!

मुलगी हुशार. पण तिने ‘नाही’ असं कुठेच म्हटलेलं नाही. हे मला खटकतंय.

१३ नोव्हेंबर

मामू सोमवारी पुन्हा येणार. या वेळी मुलाला घेऊन — अनस, माजरीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन.

एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. बायनाबाईला म्हटलं, सोमवारी दुपारी परत सांगा. तिने विळा खाली ठेवला.

“मामाले काऊन हैरान करून राह्यली व बाई? नाई म्हनाचं असन तं तोंडानं म्हन.”

मी म्हटलं, हा प्रयोग आहे. ती बराच वेळ हसली. मग कबूल झाली.

१६ नोव्हेंबर

मामू गाडीत झोपले, थेट नागभीडला उतरले! दोनपैकी दोन!

पण अनस मागच्या सीटवर होता. मामू गर्दीत आधीच उतरले असं समजून तो सिंदेवाहीला बरोबर उतरला आणि विचारत विचारत खळ्यावर आला. गोष्ट अर्धी झाली होती. बायनाबाईने त्याला दिवसाच्या गोष्टीचा नियम सांगितला. तो शांतपणे म्हणाला, “मामू यांचे हायत. माझा रस्ता काऊन चुकल?”

बायनाबाई पदर तोंडावर धरून हसत सुटली. मीही.

तो धानाच्या राशीशी बसून पूर्ण गोष्ट ऐकत राहिला, मधे मधे हूं म्हणत. शेवटी विचारलं, वाघानं मोजायला दुसरा वाघ काऊन नाई बोलावला? निम्म्या दिवसांत झालं असतं.

पावणेबावीस दिवस, मी म्हटलं, आणि पोत्याचे आकडे सांगितले.

त्याने मनात हिशेब केला. मान हलवली. बरोबर, म्हणाला.

लग्नानंतरच्या माझ्या नोकरीचं विचारलं, तर चपलेकडे बघत म्हणाला, अम्मीशी बोलतो, एवढंच.

अकरा वेळा हसले आज. मोजलं.

१७ नोव्हेंबर

सकाळी टपालात टाकलेल्या पत्राची नक्कल :

अनस यांस,
लग्नाला माझी तयारी आहे. नोकरी मी सोडणार नाही. दोन्ही वाक्यं एकत्र वाचावीत. घरी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा. तुमचं स्वतःचं उत्तर, हो किंवा नाही, रविवार २२ तारखेपर्यंत कळवावं.
— नाहीद