हिरव्या गाडीला वाट

२३ डिसेंबर, सायंकाळी ७
ऱ्होना आणि जावई स्ट्रुअन एडिंबरोहून आले. सुट्टीसाठी तीन जानेवारीपर्यंत राहणार. मसूर सूप मी केलं. जरा खाली लागलं, पण हल्ली धुराचा वास लोक मुद्दाम देतात.

सूप पोटात जातंय न जातंय तोच लेकीने लायसन्सचा फॉर्म पुढे ठेवला. पाच जानेवारीला मला एकोणऐंशी पूर्ण. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लिहून द्यावं लागतं की नजर शाबूत आहे आणि गाडी चालवायला मी लायक आहे. मी म्हणालो, पेन आण. ती म्हणाली, बाबा, घाई नको. सुट्टीत सगळीकडे तुम्हीच न्या आम्हाला. एक तारखेला जेवण झालं की मी खरं काय ते सांगेन, मग सही करायची की नाही ते ठरवा.

मान्य केलं. एकतीस वर्षं या दरीत फिरत्या लायब्ररीची व्हॅन चालवली आहे मी. आता पोरगी परीक्षा घेणार. घे बाई.

दुकान चार मैलांवर, डॉक्टर अकरा. बस मंगळवारी आणि शुक्रवारी, तीही ड्रायव्हरला सर्दी नसेल तर. गाडी गेली की मी संपलो. हे कुणाला बोललो नाही.

संकल्प: दोन्ही हात स्टिअरिंगवर. शिव्या मनातल्या मनात.

२४ डिसेंबर
गार्डन सेंटरमध्ये, म्हणजे रोपांच्या दुकानातल्या उपाहारगृहात, जेवायला. अठरा मैल. मागे ऱ्होना आणि स्ट्रुअन, पुढे माझी बहीण नेटा. वय ब्याऐंशी, जिभेचं वय अठरा. शेजारच्या घरात राहते, गिळायला माझ्याकडे. गाडीत बसली की डोळे मिटते. म्हातारपणी झोप फार.

जावई शहरातला, त्याला आमच्या रस्त्याची रीत समजावली. रस्ता एका गाडीपुरता. समोरून कोणी आलं की ज्याच्याजवळ थांबायची जागा असेल त्याने बाजूला व्हायचं, लागलं तर मागे जायचं. मग दुसऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट वर करून आभार मानायचे. एवढाच धर्म, पण पाळावा.

आज सहा गाड्या भेटल्या आणि सहाही आधीच बाजूला उभ्या. पोस्टाची पेगी, मेंढ्यांवाला गिलीस, सगळे. स्ट्रुअन म्हणाला, बाबा, हे इतक्या लांबून का थांबतात? म्हणालो, मान आहे दरीत. लोकांना पुस्तकं वाचायला शिकवलंय मी. नेटाला ठसका लागला, डोळे मिटलेलेच.

स्ट्रुअन सगळा रस्ता दारावरच्या मुठीला लोंबकळत होता. पाठीचं दुखणं असावं.

गाडी दोन जागांवर मिळून एक लावली. दारं उघडायला मोकळं पडतं. ऱ्होना खाली उतरून बराच वेळ त्या पांढऱ्या रेघेकडे बघत होती. चहाबरोबरचे स्कोन कोरडे.

२५ डिसेंबर
गाडी नाही. टर्की रबरासारखी. ऱ्होनाने लोकरी टोपी दिली. कुणी फॉर्मचं नाव काढलं नाही. तो फडताळावर, घड्याळाला टेकवून. वेळ बघायला गेलं की तोच दिसतो.

२७ डिसेंबर
किल्ला बघायला बावीस मैल. दारावर पाटी: एप्रिलपर्यंत बंद. ऱ्होना म्हणाली, बाबा, फोन करून विचारायचं होतं. म्हणालो, आठशे वर्षांत किल्ला कुठे गेला नाही, फोन कशाला? नेटा म्हणाली, किल्ला नाही गेला, तुझी अक्कल गेली.

मासे आणि चिप्स घेऊन गाडीतच खाल्ले. काचा वाफेने धुरकटल्या. नुसतं चावणं ऐकू येत होतं.

परतताना सूर्य डोळ्यांत. दुपारी तीनला सूर्य माणसाच्या नाकासमोर येतो यात ड्रायव्हरचा काय दोष? धप्प आवाज झाला. म्हणालो, बर्फाचं ढेकूळ. स्ट्रुअन उतरून बघून आला. फेजंट होता, रानकोंबड्यासारखा पक्षी. आधीच आजारी असणार, त्याशिवाय कोण रस्त्याच्या मधोमध उभं राहतं? ऱ्होना म्हणाली, बाबा, तो मला मागच्या सीटवरून दिसला होता.

मी वायपर लावले. चूक मान्य केली असं नव्हे.

संकल्प: सूर्यासाठी टोपी पुढे ओढून चालवणे.

२९ डिसेंबर, सकाळी
ही मंडळी फिरायला गेली. वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता यायला हवी, असा नियम. पावलं मोजून स्ट्रुअनच्या गाडीची वाचली. सातही अक्षरं बरोबर. अर्थात ती मला पाठ आहे.

मग गॅसवाल्याची व्हॅन आली. सातातली तीन. प्लेट घाण होती. जवळ जाऊन पाहिली. तशी फार घाण नव्हती.

माझी नजर उत्तम आहे. लिहून ठेवतो.

३० डिसेंबर
हॉटेलात जेवायचं ठरलं. चौदा मैल, रस्त्यावर काचेसारखा बर्फ. इतकं सांभाळून चालवलं की ताशी पंधराच्या वर काटा नाही. मागे आठ गाड्या, एकानेही हॉर्न वाजवला नाही. पोचलो दोन वाजून सात मिनिटांनी. स्वयंपाकघर दोनला बंद. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, चिप्सची पाकिटं आहेत. चौघांत तीन पाकिटं खाल्ली. नेटा म्हणाली, अरे मर्डो, एवढ्या वेळात आपली आई चालत येऊन, जेवून, भांडी घासून गेली असती.

ऱ्होना गप्प. मौन म्हणजे संमती.

पण घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. साबण गेला म्हणाली.

३१ डिसेंबर, दुपारी ४
अजून कोट काढलेला नाही. थंडी आहे.

वर्षाच्या पहिल्या दिवशी मांस भरलेली स्टेक पाई नसेल तर वर्ष लागतच नाही, म्हणून खाटकाकडे सांगून ठेवलेली पाई आणायला मी आणि ऱ्होना गेलो. परतताना तळ्याकाठी बर्फ सुरू झाला. वळणावर समोर बर्फ सारणारा ट्रक. तो मागे जाऊ शकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. थांबायची जागा माझ्यामागे, पन्नास पावलांवर. म्हणजे पाळी माझी.

मान वळेना. कधीपासून वळत नाही ते आठवतही नाही. आरशात नुसतं पांढरं. अंदाजाने घेतली. मागचं डावं चाक खाली गेलं, गाडी तळ्याकडे कलली. ऱ्होना त्या बाजूला होती. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, बाबा, ब्रेकवरचा पाय काढू नका. लहानपणी तिला सायकल शिकवताना मी असंच बोलायचो.

ट्रकवाला धावत आला. फिनले. पोरगा असताना माझ्या व्हॅनमधून फक्त ट्रॅक्टरची पुस्तकं न्यायचा. आधी आम्हाला उजवीकडून बाहेर काढलं, मग साखळी लावून गाडी ओढून घेतली आणि एका दमात मागे नेऊन लावली. आणि वर माझीच माफी मागायला लागला. काका, चूक माझी, फोन बघितला नाही, नाहीतर कळलं असतं तुम्ही निघालात ते.

ऱ्होनाने विचारलं, फोनवर कसं कळतं? तो कानापर्यंत लाल झाला. मग सांगितलं. पेगीने ग्रुप काढलाय, दोन वर्षं झाली. हिरवी गाडी फाटकाबाहेर पडली की बघणारा टाकतो, मर्डो निघाला. मग ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो थांबतो. शाळेची बससुद्धा फाटकात उभी राहते, तुम्ही जाईपर्यंत.

शाळेची बस.

मी फिनलेचे आभार मानले. दुसरं काय म्हणणार? घरापर्यंत ऱ्होनाने गाडी चालवली. मी पाई मांडीवर घेऊन बसलो.

नेटाला सांगितलं, चाक घसरलं. रस्ताच तसा होता.

१ जानेवारी
पाई उत्तम. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली, कारण पाई संपली की काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं.

ऱ्होनाने चमचा खाली ठेवला. बाबा, म्हणाली, आणि पुढे शब्द फुटेना. दहा दिवस तयारी केली असेल बिचारीने. मी मदत करायला हवी होती. नाही केली. ताटातला वाटाणा इकडून तिकडे ढकलत बसलो.

शेवटी नेटाच बोलली. दोन वर्षं मी याच्या शेजारी डोळे मिटून बसते, आणि झोपलेली नसते. स्ट्रुअनने विचारलं, मग बसता कशाला, आत्या? ती म्हणाली, मी नसते तर हा एकटा गेला असता. घरी बसून वाट बघण्यापेक्षा सोबत बरी.

असं काही ही बाई आयुष्यात बोललेली नाही. मला राग यायला हवा होता. रडू आलं. वाफेमुळे नाही.

फॉर्म मागवला. पेन घेतलं. चौकटी मुंगीएवढ्या. हो कुठली आणि नाही कुठली, ते दिसेचना. स्ट्रुअनने बोट ठेवून दाखवलं. नाहीवर खूण केली.

३ जानेवारी
ऱ्होना आणि स्ट्रुअन गेले. लायसन्स परत करायचं पाकीट मी पोस्टात टाकते, असं ऱ्होना म्हणत होती. म्हणालो, माझं मी टाकेन, एवढा काही अपंग झालो नाही. पोस्टाची पेटी चार मैलांवर आहे, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

गाडीत जाऊन बसलो. पट्टा लावला. पाकीट शेजारच्या सीटवर. पाच मिनिटं बसलो असेन. मग पट्टा सोडला.

अकराला पेगी आली. पाकीट दिलं. तिने पत्ता वाचला, पिशवीत टाकलं, हवेबद्दल काहीतरी बोलली. मग विचारलं, मर्डो, दुकानातून काही आणायचंय का? म्हणालो, छे, काही नको, सगळं आहे घरात.

ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा हाक मारली. दूध, म्हणालो.